तीनच्या पटीत

गाई मोजतात जूनच्या तीस तारखेला.
माणसं मार्चमध्ये, एका मंगळवारी रात्री,
जो जिथे झोपला असेल तिथे.
गाईंना असं काही विचारत नाहीत.
त्यांचा आकडा अ‍ॅलिस्टर गिलँडर्स भरतो,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चष्मा कपाळावर सरकवून:
एक हजार सहाशे चाळीस.
पूर्वी याच रकान्यात मेंढ्या असत.

मी वेलिंग्टनला चौथ्या मजल्यावर बसते.
वारा काच हलवत असतो दिवसभर.
एका तक्त्यात गाई, दुसऱ्यात माणसं,
खाली कँटरबरीचं मैदान:
वीतभर माती, मग नुसते गोटे,
नदीने आणून टाकलेले आणि विसरलेले.
मूत त्यातून खाली जातं,
घाई न करता.
काही विहिरींत ते पोचायला वीस वर्षं लागतात.

म्हणून तक्ते मी नीट एकावर एक ठेवत नाही.
गाईंचा तक्ता मागे सरकवते,
आजच्या माणसांखाली तेव्हाची गुरं,
शिवण उसवून पुन्हा घालावी तशी,
आणि बघते, कुठे दाटतंय.

आणखी एक नियम आहे आमच्याकडे.
लहान आकडा जसाच्या तसा बाहेर जात नाही.
एकाचा शून्य होतो, नाहीतर तीन.
दोनाचे तीन, नाहीतर शून्य.
फासा पडेल तसं.
आकड्यामागचा माणूस कुणाला ओळखू येऊ नये म्हणून.
चांगला नियम आहे. नव्या मुलांना तो मीच शिकवते.

नदीच्या वळणावर, शेवटच्या तुकड्यात,
जिथे वारा अडवणारी सुरूसारखी झाडं तोडली
(पाणी फवारणाऱ्या लांबलचक यंत्राला
फिरायला जागा हवी होती),
तिथे तक्त्यात होते तीन.

फेब्रुवारीत नमुने घ्यायला गेले तर घरात दोघं.
रोडेलिओ पहाटे तीनपासून धारा काढून आलेला,
बूट दाराबाहेर, मोजे तसेच.
जोआनालिन खुर्चीला धरून उठली,
सातवा महिना.
मी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.
फाशाला कसं कळलं होतं कोण जाणे.

विहीर यंदाची नव्हे. पाणी नितळ, गार, बिनवासाचं.
"नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का?"
या प्रश्नापुढे रोडेलिओने मार्चमध्ये खूण केली होती: हो.
खोटं नव्हतं ते. त्याने चव घेऊन सांगितलं होतं.
कागदाची पट्टी मी पेल्यात बुडवली.
मिनिटभर कुणी बोललं नाही.
गुलाबी. मग जास्त गुलाबी,
बारशाला आणलेल्या झबल्यासारखी.

मी म्हटलं, बाळाचं दूध या पाण्यात कालवू नका.
उकळलं तर? त्याने विचारलं.
उकळून ते जात नाही, दाट होतं.
त्याने मान हलवली, आणि मग
अ‍ॅशबर्टनच्या नळावर किती बाटल्या न्याव्या लागतील
याचा हिशेब बोटांवर सुरू केला.
मी मनात वेगळाच हिशेब करत होते:
यंदाच्या जूनच्या एक हजार सहाशे चाळीस
या विहिरीत उतरतील
तेव्हा ते मूल गिअर टाकायला शिकत असेल.

जोआनालिनने चहा पुढे केला.
किटली त्याच नळाची.
मी मोठी आहे, मला काही होत नाही, ठाऊक होतं,
तरी कप हातात जरा जास्तच वेळ राहिला.
ते तिने पाहिलं.

"तुमच्या कागदावर आम्ही आहोत का?"
आहात, म्हटलं.
"किती?"
नियम आठवला. सांगायचा नसतो.
तीन, मी म्हटलं.
ती हसली, पोटावर हात ठेवून,
सरकार इतकं बारकाईने बघतं हे काही तिला
माहीत नव्हतं.

बाहेर यंत्र फिरत होतं.
शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
एक लहानसं इंद्रधनुष्य
चाकांवर चाललं होतं.